मेंढरं विकून घेतलेली हेराल्ड

नवी पेठेत अजून सांगतात, की शहर बसचे ड्रायव्हर धुळाप्पा कोळेकर यांनी मागच्या सीटवर मेंढा बसवून मोटारींची रेस जिंकली. सांगणारा पानवाला असेल तर मेंढ्याच्या डोळ्यांवर गॉगलही असतो.

हे साफ खोटं आहे. मेंढा नव्हता, मेंढी होती. मागची सीट नव्हती, ती काढून टाकली होती. रेस नव्हती, सराव होता. आणि जिंकायचं म्हणाल, तर धुळाप्पामामांना जिंकायचं नव्हतंच. त्यांना फक्त शेवटचा नंबर नको होता. सहा गाड्यांत पाचवा आला तरी चालणार होता.

मी हे खात्रीनं सांगते, कारण आमच्या आणि त्यांच्या घरात एकच भिंत आहे आणि ती एका विटेची आहे. तिकडं गोजामामींनी मिठाचा डबा उघडला तर इकडं माझ्या आईला कळतं भाजी अळणी झाली होती.

मामा मूळचे सांगोल्याकडचे, धनगराघरचे. वाटणीची मेंढरं गावी भावाकडं असायची. मामा इथं सतरा वर्षं महापालिकेची बस चालवत होते. बोलणं कमी. बोलले तर गिअर टाकल्यासारखं एकेक वाक्य, मध्ये थांबा. त्यांची नक्कल करायला सोपी आहे: आधी मिशीवरून हात फिरवायचा, मग समोरच्या माणसाच्या कानामागं बघायचं, आणि मग "तसं न्हाय" म्हणायचं. पुढचं काहीही चालतं.

त्यांची बस होटगी रोडवरून जायची. तिथं विमानाची धावपट्टी आहे. विमान क्वचित, बाकी वेळ गवत आणि शेरडं. सत्त्याहत्तरच्या दिवाळीनंतर तिथं 'मोटार शौकीन मंडळ' सुरू झालं. गावातले दोन डॉक्टर, एक गिरणीवाला, असे हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन यायचे. पट्टीच्या दोन टोकांना डांबराची दोन पिंपं उभी करायची आणि त्यांना वळसे घालत पंधरा फेऱ्या मारायच्या. दर रविवारी सराव, महिन्याच्या पहिल्या रविवारी रेस. बक्षीस म्हणून एक कप, तोही पुढच्या महिन्यात परत द्यायचा.

मामांनी हे बसमधून पाहिलं. दोन रविवार पाहिलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी बस तिथं इतका वेळ उभी केली, की कंडक्टर मायाप्पानं चारदा घंटी मारली.

मायाप्पा अक्कलकोटकडचा. मराठी बोलतो, पण प्रत्येक वाक्याला शेवटी कानडी शेपूट लावतो. "का थांबला री? पॅसेंजर वरडतंय री. इंजिनला काय झालं काय री?"

"सतरा वर्सं दुसऱ्याच्या घंटीवर थांबलोय," मामा म्हणाले. "एकदा तरी न थांबता जायचंय."

मायाप्पानं ते पॅसेंजरांना तिकिटाबरोबर सांगितलं, त्यामुळं संध्याकाळपर्यंत आमच्या बोळात आलं.

गाडी घ्यायची तर पैसे एकाच ठिकाणी होते: चार पायांवर, भावाच्या वाड्यात. बावीस मेंढ्या, एक मेंढा. चार हजार येतील असा अंदाज. पण त्यातल्या अकरा गोजामामींच्या, त्यांच्या बापानं लग्नात दिलेल्या मेंढ्यांची पिलावळ. म्हणजे परवानगी लागणार.

मामींची परवानगी भिंतीतून मी अक्षर न् अक्षर ऐकली. मामी प्रत्येक भाषणाची सुरुवात एकाच वाक्यानं करतात. "मी काय बोलणार न्हाय." मग बोलतात.

"मी काय बोलणार न्हाय. माणूस दारू पितंय, माणूस पत्ते खेळतंय, माजं माणूस काय करत न्हाय म्हणून मी आईला सांगितलं हुतं. आता आईला काय सांगू? गोल गोल फिरायला गाडी घेतली म्हणून सांगू? कुटं जायला न्हाय, यायला न्हाय, नुसतं फिरायला? बैल बी घाण्याला फिरतंय, पर तेल निगतंय की! पर मी काय बोलणार न्हाय. इका मेंढरं. रेसचं तीन रविवार देते. तीन रविवारात एका तरी माणसाला मागं टाका. एकच. मग गाडी ऱ्हाऊ दे जलमभर. न्हाय टाकला तर गाडी इकायची आणि माजी मेंढरं मला परत, मोजून तेवीस."

"तुजी अकराच हैत की," मामा म्हणाले.

"तेवीस."

 मग मामा म्हणाले, "तसं न्हाय," आणि तेवीसला कबूल झाले.

सांगोल्याच्या बाजारात मेंढरं विकली गेली. एक सोडून. ती म्हातारी होती, कुणी घेईना, आणि भाऊ म्हणाला एकीसाठी मी रानात जाणार नाही. तेव्हा मामा चार हजार रुपये आणि एक मेंढी घेऊन सोलापूरला आले. मेंढी आमच्या बोळात नळाला बांधली.

आता गाडी. चार हजारात गाडी कशी घ्यावी याबद्दल बोळात प्रत्येकाचं मत होतं, आणि कुणाकडंच गाडी नव्हती. मामांनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी आधीच ठरवलं: गाडी साडेतीन हजारांची. पाचशे ब्रेक आणि टायरला. इंजिनाला एक पैसा नाही.

"इंजिनाला न्हाय?" मायाप्पा म्हणाला. "रेस कशानं पळतंय री मग? ब्रेकनं पळतंय?"

"पळायचं सगळ्यास्नी येतंय," मामा म्हणाले. "वळायचं कुणाला येतंय ते बगायचं."

पहिली गाडी पाहिली ती स्टेशनवरची टॅक्सी, जुनी अँबेसिडर. मायाप्पाला ती फार आवडली. आत बसून त्यानं पाय लांब केले. मामा आत बसलेच नाहीत. त्यांनी टॅक्सीवाल्याला सांगितलं, "चालवून दाव." तो पक्क्या रस्त्याकडं निघाला तर म्हणाले, "तितं न्हाय. ढेकळात." आणि स्वतः बांधावर उकिडवे बसून, डोळे बारीक करून, गाडीची मागची बाजू बघत राहिले. तीनदा फिरवून घेतली. टॅक्सीवाल्यानं घाम पुसला.

"ही गाभण हाय," मामा म्हणाले.

"आँ?"

"मागं जड. डुलतीया. कळपात हिला मी वळणावर घेणार न्हाय. बाकी गुणाची हाय."

दुसरी होती एका कापडवाल्याची डुक्कर फियाट. सोलापुरात त्या गोल पाठीच्या फियाटला सगळे डुक्करच म्हणतात, मालकसुद्धा. ही नुकतीच रंगवलेली होती, लाल. कापडवाला सकाळी सातलाच दारात उभा होता. हात चोळत. गिऱ्हाइकाला साडी दाखवताना ठेवतो तसाच आवाज: "बघा ना मालक, हात लावून बघा. हात लावायला पैसे नाहीत."

मामांनी हात लावला. बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

"गरम हाय."

"सकाळी जरा देवाला जाऊन आलो."

"व्हय, व्हय. बाजाराला न्यायच्या आदी आमी बी मेंढराला मीठ चारून पानी पाजतो," मामा म्हणाले. "पोट भरल्यालं दिसतंय. उद्या येतो. उपाशी ठेवा."

दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. गाडी थंडगार होती. चावी फिरवली तर गाडी खोकली, मग थांबली, मग पुन्हा खोकली. कापडवाला म्हणाला थंडी आहे. मामांनी लाल रंगावर बोटानं टकटक केलं. एका ठिकाणी पत्र्याचा आवाज आला आणि तीन ठिकाणी गंज बुजवायला थापलेल्या लांबीचा. "लोकर झ्याक हाय," ते म्हणाले आणि चालू लागले.

तिसरी गाडी कुणी दाखवली नव्हती. मामा सात रस्त्याकडं एका वकिलांच्या अंगणाजवळून चालले होते. कडुनिंबाखाली एक निळी हेराल्ड उभी होती, दोन दारांची, बुटकी. तिच्या टपावर कोंबडा होता. आत कोंबड्या होत्या. वकील कोर्टाचे कागद वाचत व्हरांड्यात बसले होते. मामांनी फाटकातूनच विचारलं, "ही चालती का?"

"चालत होती," वकील म्हणाले. वकिलांचं बोलणं असं, की प्रत्येक वाक्याखाली सही केली आहे. "सन एकोणीसशे पंचाहत्तरच्या मे महिन्यापर्यंत चालत होती. तदनंतर आमचा आणि तिचा संबंध राहिला नाही."

मामा आत गेले. आधी त्यांनी मागचा बंपर दोन्ही हातांनी धरून उचलायचा प्रयत्न केला. गाडी उचलली गेली नाही, पण हलली, आणि आतून दोन कोंबड्या बाहेर आल्या. मामांनी मान हलवली. मग त्यांनी बॉनेट उघडलं. आता हेराल्डचं बॉनेट इतरांसारखं नसतं; नुसतं झाकण नाही, मडगार्डांसकट सगळं पुढचं अंग पुढं कलंडतं. आत इंजिन, चाकं, दांडे, सगळं उघडं.

मामा दोन पावलं मागं सरले. मिशीवरून हात फिरवला.

"कुटल्या गाडीनं आजवर असं तोंड उगडलं न्हाय," ते म्हणाले.

पुढची दहा मिनिटं त्यांनी आत डोकं घालून काढली. वकील कागद खाली ठेवून पाहत होते. मामांनी धक्का मारून गाडी अंगणातच वळवून पाहिली. वकिलांचं अंगण काही मोठं नाही, पण गाडी एका दमात तुळशीला वळसा घालून परत निंबाखाली आली. मामा म्हणाले, "किती?"

"पाच हजार."

मामा व्हरांड्यात गेले, वकिलांच्या शेजारी बाकावर बसले, खांद्यावरचा टॉवेल काढला, वकिलांच्या उजव्या हातावर टाकला आणि टॉवेलखालून त्यांचा हात धरला.

सांगोल्याच्या बाजारात सौदा असाच होतो. भाव तोंडानं बोलायचा नसतो, शेजारच्याला कळतो. टॉवेलाखाली बोटं धरायची. मोठ्या सौद्यात एक बोट म्हणजे एक हजार, अर्धं बोट दाबलं तर पाचशे. समोरच्यानं तसंच उत्तर द्यायचं. मामांना वाटलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. वकिलांना वाटलं, हा माणूस आपली नाडी बघतोय.

मामांनी वकिलांची तीन बोटं दाबली.  वकिलांनी हात ओढून पाहिला, सुटला नाही. मुंज झाल्यापासून त्यांचा हात कुणी एवढा वेळ धरला नव्हता, असं मायाप्पा म्हणतो, पण तो तिथं नव्हता. शेवटी वकिलांनी सुटका करून घ्यायला मामांची बोटं पकडली आणि जोरानं दाबली. हाताला आली तेवढी: तीन पुरी आणि करंगळी अर्धी.

"ठरलं," मामा उठत म्हणाले. "साडेतीन."

"अहो, मी एक अवाक्षर उच्चारलेलं नाही!"

"आमी बी न्हाय."

वकील कायदा सांगणार होते. संमती म्हणजे काय, प्रस्ताव म्हणजे काय, इथपर्यंत पोचलेही होते. इतक्यात वकिलीणबाई आतून आल्या, गाडीत वाकल्या, मागच्या सीटवरून दोन अंडी उचलली आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो ती एकदाची. हे बघा भाऊ, खुराड्याला पर्याय म्हणून एक पेटी तेवढी आणून द्या."

साडेतीन हजार आणि एक लाकडी पेटी. पेटी मामांनी डेपोतून आणली.

उरलेल्या पाचशेत ब्रेक नवे झाले आणि दोन टायर. इंजिन डेपोतल्या फिटरनं फुकटात साफ करून चालू केलं. मागची सीट, स्टेपनी, आतली चटई, दाराचे पत्रे, जे जे हलतं ते मामांनी काढून माळ्यावर टाकलं. मामी म्हणाल्या, "मी काय बोलणार न्हाय, पर गाडी घेतली का गाडीचं कातडं घेतलं?"

सरावाचा प्रश्न होता. वेगात वळायचं कसं, हे बसनं शिकवलेलं नव्हतं. तेव्हा मामांनी मेंढीला मागं उभं केलं. सीट नसल्यामुळं जागा होती. मेंढी गाडीत उभी राहून रवंथ करायची. मामा पहाटे तिला घेऊन धावपट्टीवर जायचे आणि पिंपांना वळसे घालायचे. वळण धसमुसळं झालं की मेंढीचं तोंड थांबायचं. तोंड थांबलं की मामा पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा पुढच्या सीटवर बसून गेले होते. माझं काम एवढंच, मागं वळून सांगायचं.

"चावतीया का?"

"चावतेय."

"आता?"

"थांबली."

"लवकर ब्रेक सोडला मी," मामा म्हणायचे आणि परत फिरायचे. पंधरा दिवसांत अशी वेळ आली, की स्पीडचा काटा पंचेचाळीस मैलांवर असतानाही मेंढी जेवण झाल्यासारखी तोंड हलवत उभी असायची. एका पहाटे हे दोन दूधवाल्यांनी पाहिलं. पानवाल्याच्या गोष्टीचा उगम तोच.

पहिला रविवार, जानेवारी अठ्ठ्याहत्तर. मंडळाचे सेक्रेटरी रामहरी बुरगुटे, औषधांचे व्यापारी. हे प्रत्येक माणसाला "असं बघा" म्हणून थांबवतात आणि मग हातातल्या कागदात बघतात. त्यांनी हिरवं निशाण हलवलं. सहा गाड्या सुटल्या. मामांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, खिडकीतून हात बाहेर काढून मागच्याला खूण केली आणि निघाले. पहिल्या पिंपाशी ते तिसरे होते. बोळातले आम्ही सगळे ओरडलो.

मग मागून डॉक्टरांनी हॉर्न दिला.

मामा डावीकडं सरकले. हात बाहेर काढून, सावकाश, पुढं जा म्हणून सांगितलं. डॉक्टर गेले. गिरणीवाल्यानं हॉर्न दिला. तोही गेला. शेवटी श्रीपूरचे हिंदुराव होते. मोठे ऊसवाले, अँबेसिडरला त्यांनी ट्रकचा हॉर्न बसवला होता. त्यांनी नुसता एकदा वाजवला आणि मामांनी जवळजवळ गाडी उभी केली.

"असं बघा, धुळाप्पा," रामहरीशेठ नंतर म्हणाले. "ही रेस आहे. आपली रूट नंबरची बस नाही."

"त्यांनी साइड मागितली."

"मागू द्या की!"

"मागितल्यावर न्हाय कसं म्हणायचं?" मामा खरोखरच विचारत होते. सतरा वर्षांत त्यांनी एकालाही नाही म्हटलं नव्हतं.

सहावा नंबर. मामींनी भाकरी थापता थापता एक बोट मिटलं. तव्यासमोरच. मी पाहिलं.

दुसऱ्या रविवारी, म्हणजे फेब्रुवारीत, मामांनी कानात कच्ची लोकर कोंबली, वरून डेपोतल्या एका स्कूटरवाल्याचं हेल्मेट. आता ट्रकचा हॉर्न काय, बँड वाजला तरी ऐकू येणार नव्हता. आठव्या फेरीपर्यंत ते चौथे होते. आम्ही ओरडत होतो, ते ऐकू येत नव्हतं, पण आमचं काम आम्ही केलं.

नवव्या फेरीत धावपट्टीवर कळप आला. शंभरेक मेंढरं, कुठलीतरी चरायला आलेली, मेंढका मागं लांब राहिलेला. सगळ्या गाड्या थांबल्या. सगळ्यांनी हॉर्न वाजवले. हॉर्न वाजवला की मेंढरं पळत नाहीत, एकमेकांत घुसून उभी राहतात. रामहरीशेठ टेबलावरून ओरडले, "असं बघा! असं बघा!" पण मेंढरांनी बघितलं नाही.

मामा उतरले. दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली, कळपातली म्होरकी मेंढी हेरली, तिच्या कानाला धरून तिला गवताकडं वळवलं आणि बाकीची तिच्यामागं निघाली. वाट मोकळी झाली. पाच गाड्या त्या वाटेनं निघून गेल्या. मामा शेवटचं कोकरू पार होईपर्यंत हात आडवा धरून उभे होते. मग गाडीत बसले.

सहावा नंबर.

घरी मामींनी एवढंच विचारलं, "कुणाची हुती?"

"आटपाडीकडची. पान्यासाठी आल्याली."

"मग बराबर केलंसा." आणि दुसरं बोट मिटलं.

 त्या महिन्यात मामा रोज संध्याकाळी हेराल्डचं बॉनेट उघडून तिच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. गाडीत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. नुसते बसायचे, आजारी माणसाजवळ बसतात तसे. एकदा सांगोल्याचा एक दलाल बोळात चौकशी करून गेला, मेंढरं कधी लागतील म्हणून. मामींनी त्याला चहा दिला.

तिसऱ्या रविवारच्या सकाळी मी मामांना म्हटलं, "मामा, आज तुम्हाला नंबर येत नाही. पाचवासुद्धा नाही."

"पैज?" मामा म्हणाले.

मला वाटलं नव्हतं ते असं म्हणतील. पण ठरली. मामा हरले तर महिनाभर बसमध्ये मला ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसू द्यायचं, तिथं मायाप्पालाही बसू देत नाहीत. आणि मी हरले तर?

मामांनी माझ्या कानामागं बघितलं. "तू आमच्या हिची नक्कल करतीस म्हनं. बोळात. ती नसताना."

"कोण म्हणालं?"

"भिंत एका इटंची हाय. हरलीस तर हिच्या म्होरं करायची."

मी हो म्हटलं. सहा गाड्यांत सगळ्यात लहान इंजिन त्यांचं. हिशोब माझ्या बाजूनं होता.

मामी त्या दिवशी स्वतः आल्या. धावपट्टीच्या कडेला घोंगडं टाकून बसल्या, पट्टीकडं पाठ करून.

"मामी, तिकडं तोंड करा की."

"बगितलं की बोलावं लागतंय. आणि मी काय बोलणार न्हाय. तू सांग."

म्हणून मी सांगत राहिले, इंजिनांच्या आवाजासकट.

हिंदुराव अँबेसिडरला नारळ फोडून आले होते. मामांच्या खिडकीशी वाकून ओरडले, "काय ड्रायव्हर, आज साइड देणार न्हवं?" मामांच्या कानात लोकर होती. त्यांनी मान डोलावली. हिंदुराव खूश होऊन गेले.

निशाण पडलं. चार गाड्या पुढं गेल्या त्या गेल्याच, त्यांचं सोडून द्या. मागं राहिले दोघं. सरळ पट्टीवर अँबेसिडर सुटायची, हेराल्ड मागं पडायची. मग पिंप यायचं. हिंदुराव ब्रेक दाबायचे, गाडी लांब गवतात जाऊन यायची. मामा पिंपाला चिकटून आतून निघायचे आणि पुढं. पुन्हा सरळ पट्टी, पुन्हा अँबेसिडर.

"कोण म्होरं हाय?" मामी.

"मामा."

"आता?"

"हिंदुराव."

"अगं, एक काय ते सांग की!"

"एक काही नाहीये, मामी!"

शेवटची रेघ पश्चिमेच्या पिंपापासून शंभरेक पावलांवर होती, रामहरीशेठच्या टेबलासमोर. म्हणजे सगळं त्या शंभर पावलांचं होतं. अकराव्या फेरीपासून हिंदुरावांच्या पुढच्या चाकांतून धूर येऊ लागला आणि करपट वास. ते तरी मागं हटले नाहीत. चौदाव्या फेरीला रेघेवर अँबेसिडर हातभर पुढं होती.

पंधराव्या फेरीत हिंदुराव शहाणे झाले. त्यांनी लांबूनच वेग कमी केला, पिंपाजवळून वळायचं म्हणून. दोघंही एकदम पिंपापाशी आले. मी मामींना काय सांगितलं ते मला आठवत नाही. मामा कडेच्या खडीतून, पिंपाला आरसा घासत, न थांबता आत शिरले. पिंप हललं. पडलं नाही. हिंदुरावांना गिअर सापडेपर्यंत हेराल्ड पन्नास पावलं गेली होती. मग अँबेसिडर आली, धावत आली, हॉर्न वाजवत आली.

रामहरीशेठ टेबलावर ओणवे झाले. मग कागदात बघितलं. "असं बघा. पाचवे, धुळाप्पा कोळेकर. एका बॉनेटनं."

मामांना ऐकू गेलं नाही. ते आणखी एक फेरी मारून आले.

हिंदुराव भांडत नव्हते, हरलो कसे ते त्यांना नुसतं कळत नव्हतं. मायाप्पानं त्यांची डिकी उघडली आणि सगळ्यांना बोलावलं. "हे काय आहे री?" डिकीत रासायनिक खताची दोन पोती होती, वर साबणाची पेटी.

"बाजार केला की सकाळी," हिंदुराव म्हणाले. "रविवारी सोलापूरला आल्यावर मोकळी गाडी घिऊन कोन जातंय?"

आता प्रश्न आला. दोन पोती खत ओढणाऱ्याला मागं टाकणं म्हणजे मागं टाकणं का? रामहरीशेठनी कागद उलटा करून बघितला. खताचा नियम नव्हता. मामांनी लोकर काढली होती. ते मामींपासून चार पावलांवर उभे होते, हेल्मेट पोटाशी धरून. सगळा बोळ मामींकडं बघत होता. त्यांची पाठ अजून पट्टीकडंच होती.

"खत कुणी ठिवलं?" मामींनी गवताला विचारलं.

"हिंदुरावांनी."

"आमच्या ह्यांनी ठिवाय सांगितलं का?"

"न्हाय," मामा म्हणाले.

"मग गाडी ऱ्हाऊ दे." त्या उठल्या, घोंगडं झटकलं आणि पहिल्यांदा गाडीकडं वळून बघितलं. "आरसा वाकवलासा."

मामा खाली बसले. तिथंच, धावपट्टीवर. मायाप्पानं त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मिशी पुसली आणि माझ्या कानामागं बघितलं.

पैज म्हणजे पैज. मी मामींच्या समोर जाऊन उभी राहिले आणि पदर खोचला. "मी काय बोलणार न्हाय," म्हणून सुरुवात केली आणि सगळं केलं. दारू, पत्ते, आई, घाण्याचा बैल, तेवीस मेंढरं, तव्यासमोरचं बोट, सगळं. बोळातले लोक आधी हसले, मग मामींचं तोंड बघायला लागले. मला मध्येच थांबता येईना.

संपलं. मामी माझ्याकडं बघत होत्या.

"ह्यात मी कुटं हाय?" त्या म्हणाल्या. "ही तर आमच्या सासूबाय. मरून सात वर्सं झाली, तू कवा बगितलीस?" मग मामांकडं वळून, "अवं, ऐकलं का? तुमची आई."

मामा गाडीचं टायर बघत होते. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"परत कर," मामी म्हणाल्या आणि झटकलेलं घोंगडं पुन्हा अंथरून बसल्या, आता माझ्याकडं तोंड करून.

पैज एकदाचीच ठरली होती. मला ते त्या सकाळी चार वेळा करावं लागलं.